मूठभर पाला हे औषधाचे माप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की बांधावर, कुंपणाला, पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या उतारावर रानपाला माजतो आणि त्याच सुमारास मोबाइलवर त्याच्या औषधी गुणांचे संदेश फिरू लागतात. कण्हेरीची पाने उकळून मधुमेहावर, धोतऱ्याच्या पानांचा धूर दम्यावर, बिब्ब्याचे थेंब दुधातून खोकल्यावर. शेवटी ठरलेले वाक्य असते: गुण आला नाही तरी अपाय नाही. तुळस, आले, गवती चहा यांच्याबाबत ते बहुतांशी चालून जाते. कण्हेर, बिट्टी, धोतरा, गुंज, कळलावी, बिब्बा, काजरा यांच्याबाबत ते साफ खोटे आहे. या झाडांत औषध आहे हे आम्हाला मान्यच आहे. अडचण मापाची आहे, आणि ती नीट समजावी म्हणून हे पत्र.

कोल्हापूरकरांना गुंज सांगावी लागत नाही. गुजरीत पिढ्यान्‌पिढ्या सोने गुंजेच्या बीने तोलले गेले. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे एक गुंज साधारण 120 मिलिग्रॅम. सोनाराच्या नाजूक तराजूवरचे हे अगदी लहान वजन. आता हृदयाच्या रुग्णाला डॉक्टर देतात ती डिगॉक्सिनची नेहमीची गोळी पाहा. तिच्यात औषध असते 0.25 मिलिग्रॅम, म्हणजे एका गुंजेचा जवळजवळ पाचशेवा भाग. कण्हेरीतले आणि बिट्टीतले विष याच जातकुळीचे आहे. गाऊटच्या (एक प्रकारच्या सांधेदुखीच्या) दुखण्यावर देतात त्या कोल्चिसिनच्या गोळीत औषध असते अर्धा मिलिग्रॅम. तेच कोल्चिसिन कळलावीच्या कंदात आणि बियांत भरलेले असते. ॲट्रोपिनच्या इंजेक्शनची नेहमीची कुपी 0.6 मिलिग्रॅमची; धोतऱ्याच्या पानाफुलांत, बियांत ॲट्रोपिन आणि त्याची भावंडे असतात. कारखान्यात एवढे काटेकोर मोजूनही ही औषधे देताना डॉक्टर वय, वजन, मूत्रपिंडाचे काम, रक्तातले पोटॅशियम बघतात. घरी आपल्याकडे माप काय असते? मूठ, चिमूट, चमचा, 'चार पाने'.

पानांची संख्या सांगितली म्हणजे प्रमाण सांगितले असे होत नाही. एकाच कण्हेरीच्या कोवळ्या आणि जून पानांत विष सारखे नसते. ऋतूप्रमाणे, जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे ते कमीजास्त होते. हिरव्या पानात बहुतेक वजन पाण्याचे. पान वाळवून पूड केली की पाणी उडते, विष तेवढेच उरते. त्यामुळे 'एक चमचा पाला' ओला की वाळका, एवढ्या एका गोष्टीने मात्रा कितीतरी पटींनी बदलते. त्यात काढ्याची रीत अशी की चार कप पाण्याचा एक कप होईपर्यंत आटवा. आटवताना उडते ते पाणी. एखाद्याने आठवण न राहून आणखी दहा मिनिटे भांडे चुलीवर ठेवले, तर तळाशी उरलेला घोट आदल्या दिवशीच्या कपाहून तीव्र असतो. आदल्या दिवशी त्रास झाला नाही म्हणून आजही होणार नाही, हा हिशेब इथेच फसतो.

उकळले की विष जाते, हा दुसरा मोठा गैरसमज. काही विषे उष्णतेने मोडतात, काही जशीच्या तशी राहतात. गुंजेतले अब्रिन आणि एरंडाच्या बीमधले रिसिन ही प्रथिने आहेत. पुरेशा उष्णतेने ती निकामी होतात. बचनागातले ॲकोनिटीन बराच वेळ उकळल्यावर मोडून बरेच सौम्य होते. कण्हेरीतली हृदयावर चालणारी द्रव्ये मात्र उकळून जात नाहीत, वाळवूनही जात नाहीत. उलट उकळल्यावर पानातून पाण्यात उतरतात. धोतऱ्याचेही तसेच. म्हणजे काढा करणे ही इथे विष काढून टाकण्याची कृती नसून विष पाण्यात उतरवण्याची कृती ठरते.

जुन्या वैद्यांना हे ठाऊक होते. रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा यांना आयुर्वेदाने 'उपविष' असे स्वच्छ नाव दिले आणि प्रत्येकासाठी शोधनाची वेगळी कृती सांगितली. गुंज कापडाच्या पुरचुंडीत बांधून दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात लोंबकळत ठेवून, दुधात किंवा कांजीत शिजवायची, बचनाग गोमूत्रात भिजवून मग दुधात शिजवायचा, बिब्ब्याचे देठ कापून तो विटेच्या पुडीत घोळवायचा म्हणजे तेल विटेत शोषले जाते. द्रव्यागणिक कृती बदलते, वेळ बदलतो, वापरलेले दूध टाकून द्यावे लागते. मोबाइलवरच्या संदेशात यातले काहीही नसते. कायद्यातही याची नोंद आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 च्या अनुसूची ई (1) मध्ये भल्लातक (बिब्बा), धत्तूर (धोतरा), गुंजा, जयपाल (जमालगोटा), करवीर (कण्हेर), लांगली (कळलावी), वत्सनाभ (बचनाग), विषमुष्टी (काजरा) ही नावे आहेत, आणि यांतले काही पोटात घेण्याच्या औषधात असेल तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. ही टीका आयुर्वेदावर नाही, हे यावरून ध्यानात यावे. परवानाधारक कारखान्याला इशारा छापावा लागतो आणि ओसरीवर आटवलेल्या काढ्याला काहीच बंधन नाही, हा आमचा मुद्दा आहे.

नावांचा घोळ तर वेगळाच. 'बचनाग' म्हणजे हिमालयातला ॲकोनाइट. पण आपल्याकडे काही ठिकाणी कळलावीलाही बचनाग म्हणतात. दोन्ही विषारी, पण विषे अगदी वेगळी आणि उपचारही वेगळे. 'कण्हेर' म्हटले की कुणाच्या डोळ्यांसमोर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे झुडूप येते, कुणाच्या पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी. गुंजेचा पाला गोड म्हणून विड्यात घालतात, आवाजासाठी चघळतात. त्यावरून कुणी गुंजेचे बीही निर्धोक समजेल तर जिवाशी खेळ. बी अख्खे गिळले तर टणक कवचामुळे पुष्कळदा तसेच बाहेर पडते, पण कुटले किंवा चावले की कवच फुटते आणि आतले अब्रिन मोकळे होते. 'उगाळून' किंवा 'पूड करून' घ्यायला सांगणारा उपाय नेमके हेच करतो. धोतऱ्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. मोगली एरंडाचे बी शेंगदाण्यासारखे लागते, म्हणून शाळकरी मुले ते खातात आणि तासाभरात ओकू लागतात. गुळवेलीबद्दल 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने खरी गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगतानाच, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची वेल अपायकारक ठरू शकते असे म्हटले होते. कारण काहीही धरा, कुंपणावरून वेल तोडणाऱ्याला दोन जातींतला फरक ओळखता येतो का, हा प्रश्न उरतोच. आणि पुडीत बांधून दिलेल्या पावडरीवरून तर वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकालाही नुसत्या डोळ्यांनी झाड ओळखता येत नाही.

पुष्कळदा माणूस दगावतो तो लक्षणांचा अर्थ उलटा लावल्यामुळे. कळलावीचेच घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरी, गगनबावड्याच्या वाटेवर पिवळ्या-लाल ज्वाळेसारखी फुले दिसतात, पानाचे टोक तारेसारखे वळून कुंपणाला धरते, ती ही वेल. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात लांगली. पोटात गेल्यावर दोन तासांपासून चोवीस तासांपर्यंत केव्हाही उलट्या-जुलाब सुरू होतात. घरात म्हणतात, कोठा साफ होतोय, औषध लागू पडले. मग उलट्या थांबतात, माणूस जरा सावरतो, आणि दवाखान्याचा बेत रद्द होतो. कोल्चिसिनचे खरे काम या शांततेत चालू असते. ते पेशींचे विभाजन थांबवते. आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, मग मूत्रपिंड, यकृत, हृदय असे एकेक कोसळू लागते, आणि हे दिसते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जो वाचतो त्याचे केस आठ-पंधरा दिवसांनी गळतात. कळलावी किंवा गुंज पोटात गेली असेल, तर 'आता बरे वाटते' याला काडीचाही अर्थ नाही. गुंजेचाही त्रास कधी कधी एक-दोन दिवस उशिरा सुरू होतो, आणि तिच्यावर उतारा नाही.

धोतऱ्याचे चित्र वेगळे. अर्ध्या-एक तासात तोंडाला कोरड पडते, बोलताना जीभ टाळ्याला चिकटते, कातडी तापते पण घाम नसतो, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन उजेड सहन होत नाही, लघवी अडते. मग माणूस बरळू लागतो, हवेतून काहीतरी वेचत राहतो, अंगावरचा कपडा पुन्हा पुन्हा चिमटीत धरतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो. हे पाहून घरचे अंगारा लावतात, 'बाहेरचे काही' म्हणून उतारा टाकतात आणि चार तास हातचे जातात. धोतऱ्याने आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे बिया पोटात रेंगाळतात आणि विष दोन दोन दिवस झिरपत राहते. घाम येत नसल्याने ताप चढतो, म्हणून गोधडी पांघरू नये. ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि गाडी बोलवावी. दम्यावर धोतऱ्याच्या धुराने थोडा आराम पडतो, हे खोटे नाही, म्हणूनच तो उपाय टिकला. पण त्याच रसायनाच्या धाग्यावर बनवलेले इप्राट्रोपियम आज पंपातून एका फवाऱ्याला 20 मायक्रोग्रॅम असे मोजून मिळते. पेटवलेल्या पानाच्या धुरातून किती गेले हे कुणालाच सांगता येत नाही, आणि काचबिंदूचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वयस्कर माणसाला तेवढ्यानेही भोवते.

कण्हेर आणि बिट्टी हृदयाची लय बिघडवतात. आधी मळमळ, उलट्या, पोटात कळा. मग नाडी मंद होते, मध्येच चुकते, आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोजा. ती 50 च्या खाली असेल किंवा ठोके अडखळत असतील तर एक क्षणही घालवू नका. पण नाडी ठीक आहे म्हणून घरीही थांबू नका. लय काही तासांनीही बिघडते, म्हणून किमान चोवीस तास ईसीजीवर नजर ठेवावी लागते. डिगॉक्सिनवरचा प्रतिपिंडाचा उतारा कण्हेरीलाही चालतो, पण तो फार महाग आणि आपल्या देशात सहज न मिळणारा. त्यामुळे भिस्त राहते ती विष शोषणाऱ्या, दवाखान्यातल्या खास कोळशाची मात्रा, ॲट्रोपिन आणि गरज पडल्यास तात्पुरता पेसमेकर यांवर. जे आधीच डिगॉक्सिन घेतात, त्यांनी कण्हेरीचा काढा घेणे म्हणजे त्याच औषधाची आणखी एक न मोजलेली मात्रा घेणे. देवाला कण्हेर वाहायला काही हरकत नाही, हात धुतले की झाले. मात्र महादेवाच्या पिंडीवर कण्हेर, रुई, धोतरा वाहिल्यावर ती फुले-फळे भिजलेले पाणी तीर्थ म्हणून देऊ नये, लहान मुलांना तर नकोच.

बिब्बा आणि रुई नुसत्या बाहेरून लागल्या तरी घात करतात. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटले की थेंब दुधात पाडायचा, ही जुनी रीत. ज्योत मोठी असली की थेंब मोठा, बिब्बा ताजा असला की तेल जास्त, मोजणार कसे? टाचेच्या भेगांत गरम बिब्बा भरणेही तसेच. त्याचे तेल कातडीला लागले की एकदोन दिवसांत फोड येतात, अंग सुजते, याला आपण 'बिब्बा उतला' म्हणतो. ज्याला एकदा उतला त्याला पुढच्या वेळी थोड्यानेही जास्त उततो. तेल नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो, आणि हाताला लागलेले डोळ्याला, जांघेला पोचते. डिंकाच्या लाडवातली गोडंबी ही बिब्ब्याच्या आतली बी; ती खाण्याची, पण कवचाचे तेल तिला लागलेले नसावे. रुईचा चीक डोळ्यात उडाला तर विशेष काळजी घ्या. शनिवारी मारुतीला घालायच्या माळेसाठी पाने खुडताना हे सहज होते. चिकाने बुबुळाच्या आतल्या थराला इजा होते, पण दुखत फारसे नाही, नुसते धुरकट दिसते. दुखत नाही म्हणून माणूस झोपतो. लगेच नळाच्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावा.

काविळीवरच्या औषधाबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही, कारण पंचगंगेच्या काठाला काविळीच्या साथी नव्या नाहीत. 2012 साली इचलकरंजीने केवढी मोठी साथ सोसली. देवडांगरीचे किंवा कडू दोडक्याचे पाणी नाकात घालतात आणि नाकातून पिवळे पाणी वाहू लागले की 'कावीळ उतरली' म्हणतात. ते पाणी काविळीचे नसते. त्या फळातल्या जहाल कडू द्रव्याने नाकाच्या आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि रक्तातला द्रव बाहेर झिरपतो. त्याचा रंग मुळातच पिवळट. कावीळ न झालेल्या माणसाच्या नाकातूनही तसेच पाणी येईल. काविळीचा पिवळेपणा आणणारे बिलिरुबिन शरीराबाहेर जाते ते पित्तातून आणि लघवीतून. दूषित पाण्याने झालेली बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय नाकातल्या थेंबांना मिळते. पण कावीळ लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची) असेल, पित्ताच्या खड्याची असेल, तर ते आठवडे वाया जातात. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेततो. काविळीचा रुग्ण दिवसा झोपाळलेला आणि रात्री जागा राहू लागला, बोलण्यात घोटाळू लागला, की यकृत हरत चालले आहे असे समजून दवाखाना गाठावा.

दुधीच्या रसाचे नाव विषारी झाडांत कुणी घेणार नाही, पण कडू निघालेला दुधी त्याच पंगतीला बसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा सल्ला साधा आहे: रस काढण्याआधी फोडीचा तुकडा चाखा, कडू लागला तर दुधी टाकून द्या, आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब झाले तर लगेच दवाखान्यात जा. जितके कडू तितके औषधी, ही समजूत इथे महागात पडते.

तान्ह्या बाळाच्या गुटीबद्दल एवढेच की सहाणेवर उगाळतानाचा 'वेढा', म्हणजे एक फेरा, हेही माप नाही. जोर लावला की जास्त उगाळले जाते. जायफळाने बाळ झोपते ते गुंगीने. मध एक वर्षाच्या आत देऊच नये. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरते.

आता प्रसंग आलाच तर. उलटी काढायला मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोटे घालू नका. गुंगीत किंवा झटक्यात असलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते, आणि मिठाने आणखी एक विषबाधा होते. दूध, तूप, चिंचेचे पाणी, लिंबू यांत वेळ घालवू नका. दवाखान्यातला कोळसा वेगळ्या प्रक्रियेने तयार केलेला असतो, चुलीतला कोळसा त्याचे काम करत नाही. रुग्णाला कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. निघताना त्याच झाडाची डहाळी घ्या, पान, फूल, फळ जे मिळेल त्यासह, आणि उरलेला काढा किंवा पूड बाटलीत भरून सोबत न्या. किती वाजता घेतले, किती घेतले, आधीची कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहा. गावठी औषध घेतले हे सांगायला लाजू नका. तुम्ही लपवलेत तर डॉक्टर साध्या गॅस्ट्रोचा उपचार करीत बसतील. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे. तिथून डॉक्टरांनाही सल्ला मिळतो.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. घरगुती उपायांच्या सदरात झाडाचे नाव येईल तेव्हा शास्त्रीय नाव आणि पान-फूल-फळ स्पष्ट दिसणारा फोटो द्यावा. अनुसूची ई (1) मधल्या कोणत्याही वनस्पतीची कृती वाचकाने कितीही आग्रह केला तरी छापू नये. आणि वरचे दोन क्रमांक त्या सदराच्या तळाशी दर वेळी छापावेत, म्हणजे कात्रण काढून कपाटाला चिकटवणाऱ्यांच्या घरात उपायाबरोबर तेही पोचतील.

कळावे,
वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि आयुर्वेदाचे काही शिक्षक,
कोल्हापूर